हट्टी पेशी आणि माझे झिजलेले रबर

मित्रांनो, प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात घरघरणारी ती जुनी पेटी म्हणजे मी. पेशींना अंगासारखी ऊब आणि ओलावा देणे हे माझे काम. नवी होते तेव्हा येणारे-जाणारे माझ्या काचेत डोकावत. मग शेजारी सूक्ष्मदर्शक आला. पेशी वाढवायच्या मी आणि "काय सुंदर दिसतात!" हे ऐकायचे त्याने. आयत्या बिळावर नागोबा!

पण खरा हेवा मला त्या पेशींचाच. त्या स्तनाच्या कर्करोगाच्या. त्यांतल्या मूठभर मूळपेशींसारख्या, म्हणजे एकीपासून पुन्हा सगळी गाठ उभी करणाऱ्या, महाहट्टी. औषधाचा मारा झाला, उपासमार झाली, की आपल्याच आतले मोडके-झिजलेले भाग पचवून त्या तग धरतात. याला स्वभक्षण म्हणतात. माझ्या दाराचे रबर सात वर्षे झिजत होते, पण मला ते ना पचवता येई, ना बदलता. ही विद्या त्या दुष्टांना मिळाली आणि मला नाही!

आमच्या संशोधक ताईंच्या धाकट्या बहिणीला हाच आजार, बरा होऊन उलटलेला. ताईंनी पेशींच्या काही बश्यांत नेहमीचे औषध घातले, काहींत त्याच्या जोडीला स्वभक्षण रोखणारे, आणि एक बशी तुलनेसाठी औषधाविना ठेवली. तिसऱ्या दिवशी जोडीच्या बश्यांत एकही हट्टी पेशी जिवंत नव्हती. ताईंचे डोळे भरून आले. आनंदात बाकीच्या बश्या न पाहताच त्यांनी बहिणीला फोन लावायला घेतला.

"ताई, थांबा जरा," तंत्रज्ञ दादा म्हणाले. "औषध न घातलेल्या बशीतल्यापण मेल्यात. सगळ्या सुकल्यात."

त्यांनी माझ्या दाराच्या कडेला तळहात धरला. "इथून ऊब आणि ओलावा बाहेर येतोय. रबर गेलंय हिचं."

ताईंनी फोन ठेवला आणि सुकलेल्या बश्या एकेक करून बाहेर काढल्या. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

दादांनी नवे रबर बसवले. प्रयोग पुन्हा झाला. नेहमीच्या औषधाला हट्टी पेशी पुरून उरल्या. जोडीच्या बश्यांत मात्र त्या कमी झाल्या, संपल्या नाहीत. ताईंनी आता बहिणीला फोन केला.

"औषध नाही गं अजून. पण त्या कशावर जगतात ते कळायला लागलंय. आणि हे खरं आहे."

मग त्यांनी पाठ थोपटली ती सूक्ष्मदर्शकाची! मी जळले, पण ऊब कमी होऊ दिली नाही.

मित्रांनो, त्या पेशींचा हेवा मला अजूनही वाटतो. आपली झीज त्या आपणच निस्तरतात. मला त्यासाठी माणसाचा हात लागतो. म्हणून कौतुक करू नका हवे तर, पण जाता-येता माझ्या दाराशी तळहात धरून बघत जा.