खालच्या फाटकापाशी

"नाही, वाटेत आम्हाला कुणीच भेटलं नाही," सायकलवरून उतरत ती मुलगी म्हणाली. मग तिने आपल्या जोडीदाराकडे पाहिलं. "तुला दिसलं का कुणी?"

त्यानेही मान हलवली. दोघांच्या पिंढऱ्यांवर आणि पाठीवर चिखल उडालेला होता.

"निळं जॅकेट," विभावरी इंग्रजीत म्हणाली. "चष्मा आहे. पंचावन्न वर्षांचे. इंडियन." शेवटचा शब्द तिने घाईने जोडला, निदान त्यावरून तरी त्यांना आठवेल म्हणून.

"वरच्या फाटकातून कधी निघाले ते?"

"सकाळी. मीच सोडलं."

"आम्ही दुपारी निघालो," मुलगी म्हणाली.

हिशेब तिघांनाही कळला होता. रुआपेहू डोंगराच्या उतरणीवरून जंगलातून खाली नदीपर्यंत येणारा खडीचा रस्ता. पुढे गेलेला माणूस बाहेर आला नव्हता आणि मागून निघालेल्यांना वाटेत दिसला नव्हता. म्हणजे तो रस्त्यावर नव्हता. रस्त्याच्या एका बाजूला डोंगर होता आणि दुसऱ्या बाजूला दरी.

"इथे मोबाइल लागत नाही," मुलगा म्हणाला. "आम्ही गावात पोचलो की पोलिसांना कळवतो. तुम्ही इथेच थांबा, ओके? वरी करू नका."

त्यांनी सायकली तिथे ठेवलेल्या आपल्या गाडीच्या टपावर बांधल्या आणि ते गेले. धूळ खाली बसली. मागे नदीचा आवाज तेवढा राहिला.

थांबायचं विभावरीला नवीन नव्हतं. ऑफिसातल्या एका धडधाकट माणसाला हार्ट अटॅक आला, तेव्हापासून तिच्या नवऱ्याने, चंद्रशेखरने, सायकल धरली होती. आधी हॅमिल्टनमधले नदीकाठचे रस्ते, मग शेतांमधले, मग हे डोंगरातले. शनिवारी पहाटे उठायचं, त्याला वर सोडायचं, हायवेने वळसा घालून गाडी खालच्या फाटकाशी आणायची आणि डबा, थर्मास, विणकाम घेऊन बसायचं. आठवडाभर ती हॅमिल्टनच्या ते रापा उपनगरातल्या डेअरी फॅक्टरीत दुधाच्या पावडरीतला ओलावा तपासायची. शनिवारी ही ड्युटी. त्याआधी चिंचवडला छोट्या लेकीला, इराला, घेऊन ती दोन वर्षं थांबली होती, इथे त्याचं बस्तान बसेपर्यंत. त्याबद्दल तिने कधी तक्रार केली नव्हती, कारण त्याने बोलावीन म्हटलं होतं आणि बोलावलं होतं.

ती गाडीत बसली, पुन्हा उतरली. झाडांच्या शेंड्यांवर ढग उतरायला लागले होते. अल्बनीला राहणाऱ्या इराला फोन करावा लागेल, हे तिच्या मनात आलं. मराठीत सांगायचं की इंग्रजीत? इरा मराठी ऐकायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची. "इरा, बाबांना..." विभावरीने मनात वाक्य जुळवलं आणि ते पुरं झालेलं पाहून तिला दरदरून घाम फुटला. वाक्य तयार होतं. आता ते फक्त खरं व्हायचं होतं.

तिने गाडी सुरू केली आणि फाटकातून आत घातली.

गाडी चालवायला ती शेहेचाळिसाव्या वर्षी शिकली होती. कामावर आणि काउंटडाउन सुपरमार्केटपर्यंत जाणं, आता हे हायवेचे फेरे, यापलीकडे तिची मजल नव्हती. खडीवर तर कधीच नाही. चाकांखालचे दगड गाडीच्या पोटावर आपटत होते. रस्ता चढला तसा उजवीकडचा उतार तुटत गेला आणि मग तिथे नुसते नेच्यांचे शेंडे दिसायला लागले, त्यांच्या खाली काय आहे ते दिसत नव्हतं. ती डोंगराला घासून चालवत होती. प्रत्येक वळणाला वाटे, पलीकडून लाकडांचा ट्रक येईल. शनिवारी ट्रक नसतात, चंद्रशेखर म्हणाला होता. पण रस्त्यावर कुणी नसतं असंही तो म्हणाला होता, आणि ते तर आता खरं निघालं होतं.

कुठल्याशा वळणावर तिने ब्रेक दाबला आणि गाडी थांबली नाही. ती हळूच, जणू कोणी बोटाने ढकलावी तशी, आडवी सरकत गेली. तिच्या बाजूचा पुढचा कोपरा खाली दबला. मग सगळं स्थिर झालं. उजव्या खिडकीतून पाहिलं तर जमीन नव्हती.

ती श्वास रोखून बसून राहिली. नंतर गिअरवरून पाय टाकत, एकेक हालचाल करत ती डावीकडच्या दारातून बाहेर आली आणि रस्त्यावर गुडघ्यांवर पडली. उजवं चाक हवेत होतं.

मागे फाटकाकडे उतार होता, पुढे चढ. ती चढाकडे चालायला लागली.

"अहो," तिने हाक मारली. "अहो..."

समोरचा डोंगर तोच शब्द परत देत होता. पंचवीस वर्षं तिने त्याला याच शब्दाने हाक मारली होती, आणि घरात, बाजारात, देवळात तो बरोबर वळून पाहायचा. इथे तो शब्द कोणाचाच नव्हता. एखादं जनावर ओरडल्यासारखा वाटत होता. ती थांबली. सासूबाई मारायच्या तशी तिने हाक मारली, "शेखर."

आजूबाजूला कोणी नव्हतं तरी तिचे कान तापले. "शेखर. शेखर, ओ द्या."

एका ठिकाणी मऊ मातीत चाकाचा माग दिसला. तो कडेकडे गेला होता आणि कडेशी गवत दबलेलं होतं. विभावरी पोटावर झोपली आणि सरपटत पुढे गेली. खाली नदी पांढरी दिसत होती. मध्ये, उताराच्या निम्म्यावर, झाडाच्या बुंध्याला काहीतरी निळं अडकलं होतं.

किती वेळ ती त्याच्याकडे पाहत होती ते तिला नंतर सांगता आलं नाही. हाक मारायचा धीर होईना. हाक मारली आणि ते हललं नाही तर, या भीतीने तिने तोंडावर हात दाबून धरला होता. वारा आला. निळं एका टोकाने उचललं गेलं, फडफडलं, आणि त्यावर पांढरी छापील अक्षरं दिसली. खताची रिकामी पिशवी होती ती.

ती उलटी सरकत रस्त्यावर आली आणि डोंगराला पाठ लावून बसली. झाडांखाली अंधारून आलं होतं. आता आपल्यालाही कोणी शोधायला लागेल आणि आपण इथे आहोत हे कोणालाच माहीत नाही, हे तिच्या ध्यानात आलं.

खालून इंजिनाचा आवाज आला. दिवे लावलेली एक यूट, मागे उघडा हौदा असलेली गाडी, वळणावरून वर चढली आणि तिच्यासमोर थांबली. जंगलखात्याच्या जॅकेटमधला एक धिप्पाड माओरी माणूस उतरला.

"किया ओरा," तो हलक्या आवाजात म्हणाला, भेदरलेल्या माणसाशी बोलावं तसा. "मी रंगी. खाली लटकलेली कोरोला तुमची का?"

"माझे मिस्टर," ती म्हणाली. "ते पडलेत. ते इथेच कुठेतरी..."

"निळं जॅकेट? चष्मा?"

तिने त्याच्याकडे पाहिलं.

"ते बरे आहेत. वरती एक फाटा आहे, तिथे चुकले. पलीकडच्या हायवेला निघाले. टॅव्हर्नमध्ये बसलेत. इकडे सोडायला गाडी मिळेपर्यंत चिप्स खात होते." तो जरा थांबला. "पोलिसाला म्हणाले, बायकोची काळजी नाही, ती गाडीतच असेल. पोलिसाने फाटकाशी येऊन पाहिलं तर गाडी नाही. मग मला रेडिओवर सांगितलं."

विभावरीला आनंद व्हायला हवा होता. तो झालाही असेल. पण आधी तिला थंडी वाजायला लागली, आणि रंगीने घातलेल्या घोंगडीतही ती गावापर्यंत कापत राहिली.

टॅव्हर्नच्या दारात चंद्रशेखर उभा होता. तिला पाहताच तो पुढे आला. "आत कशाला गेलीस? तुला थांबायला सांगितलं होतं ना?"

"तुम्ही पडला असाल असं वाटलं."

"पडायला काय झालंय मला? साधा रस्ता आहे तो." मग त्याला तिचे गुडघे दिसले. सलवार फाटली होती.

रात्री मोटेलमध्ये दोघं झोपली, म्हणजे पडून राहिली.

सकाळी टो-ट्रकवाला त्यांना घेऊन वर गेला. गाडी रात्रभर तशीच होती. त्याने तार लावून ती मागे ओढून घेतली. खडीत चाकाची लांब घसरण उमटली होती आणि ती कडेला संपत होती. चंद्रशेखर त्या टोकाशी जाऊन उभा राहिला. त्याने खाली पाहिलं.

"चला," विभावरी म्हणाली.

तो वळला नाही. मग हळूच तो खाली बसला, खडीतच, हात गुडघ्यांवर ठेवून. टो-ट्रकवाल्याने तार गुंडाळायला घेतली आणि दुसरीकडे पाहिलं.

"इतकं..." चंद्रशेखर म्हणाला. "मला कल्पना नव्हती, विभा."

विभावरी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. त्याच्या खांद्यावर हात ठेवावा असं तिला वाटलं, पण तिने तो ठेवला नाही. "उठा. दव आहे, कपडे ओले होतील."

तो उठला. किल्ली त्याच्या हातात होती. ती त्याने तिच्यापुढे धरली. "मला नाही जमायचं आत्ता."

ती चाकामागे बसली. भीती कालच्यासारखीच होती. तिने गाडी डोंगराच्या बाजूने धरली आणि खडीवरून सावकाश खाली सोडली. डावीकडे चंद्रशेखर ताठ बसला होता. पहिल्या वळणाला तिने सहज बाजूला नजर टाकली. त्याचा उजवा पाय रबरी मॅटवर जोराने दाबलेला होता, जणू तिथे ब्रेक होता.

तिने वेग आणखी कमी केला.