मोगऱ्याची कुंडी

मणी हिरवा होता. पोपटी नव्हे, कैरीच्या सालीसारखा गडद हिरवा, आणि सिमेंटच्या चिरेत, गंजून पेन्सिलीएवढ्या जाड झालेल्या तारेवर तो काल कुणी ओवल्यासारखा चकचकीत बसला होता. कमलने छिन्नी खाली ठेवली, नखाने भुगा उकरला, तेव्हा त्याच्या मागे दुसरा दिसला. पिवळा. आणि तिसरा येण्याआधीच तिला कळलं की तो हिरवा असणार...

तो हिरवाच होता.

दिवाळी झाली की दरवर्षी ती अंगणातल्या बाराही कुंड्या साफ करायची. बाहेरून फुटलेला पांढरा खार तारेच्या ब्रशने घासायचा, बुडाचं भोक मोकळं करायचं, बारीक चिरा सिमेंटच्या राबडीने लिंपायच्या. मोगऱ्याच्या कुंडीला यंदा काठापासून बुडापर्यंत चीर गेली होती. चीर भरायच्या आधी थोडी मोठी करावी लागते, नाहीतर नवं सिमेंट धरत नाही — हे तिला नवऱ्याने, भाऊरावांनीच शिकवलं होतं. म्हणून तर तिने छिन्नी घेतली होती. एवढंच. साधं रोजच्यासारखं काम.

"काकू, सिमेंट एकाले रेती तीनच ना?" शेजारची अश्विनी कुंपणापाशी जुना टब घेऊन उभी होती. लग्न होऊन चारच महिने झालेले, तिलाही कुंड्या करायच्या होत्या.

"एकाले तीन," कमल म्हणाली. "रेती चाळून घेजो. टबाले आतून तेल लाव, नाही तं निघत नाही. मधात लहान बाल्टी ठेव."

आपला आवाज नेहमीसारखाच कसा निघतो आहे, याचं तिला नवल वाटलं.

"आन् मोठी असली तं?"

"मोठीत तार टाका लागते."

अश्विनी गेली. कमल तिथेच बसून राहिली — गुडघे पोटाशी घेऊन, बोट त्या मण्यावर ठेवून. हे मणी मी घेतले होते. पांढुर्ण्याच्या बाजारात, दुकानदार हसला होता, बाई, हे लेकरांच्या सायकलीले लावतेत, आणि मी म्हटलं होतं, माह्याच सायकलीले पाह्यजे. मागच्या चाकाच्या प्रत्येक स्पोकवर एक हिरवा, एक पिवळा, एक हिरवा. सायकल काळी, लेडीज, शिवणकामाच्या पैशातून घेतलेली. तिगावच्या शिवणवर्गात शिकवायला ती त्या सायकलवरून जायची, सकाळी नऊला निघून चारला परत, आणि पायडल मारणं सोडलं, वेग मंदावला की मणी घरंगळत असा आवाज करायचे जसं कुणी मूठभर तांदूळ सुपात पाखडतंय... पंचवीस वर्षं झाली. एका सकाळी सायकल गल्लीत नव्हती.

भाऊराव तिच्यासोबत पोलीस ठाण्यात गेले होते. तिथे सगळं हिंदीतच चालायचं, तिला हिंदीत लिहायला जमेना म्हणून रिपोर्ट त्यांनीच लिहिला — एक काली लेडीज साइकिल, पिछले चक्के में रंगीन मोती. मणी त्यांनी आठवणीने लिहिले होते. परत येताना तिला रडू फुटलं तेव्हा भर सडकेवर त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला होता, आणि त्यांनी असं चारचौघांत कधी केलं नव्हतं, म्हणून तो हात तिने आजवर जपून ठेवला होता.

त्याच महिन्यात ही कुंडी झाली. "घरीच बाग कर," ते म्हणाले होते. कुंडी ओतली त्या सकाळी ती माहेरी होती. आली तेव्हा साचा भरून तयार, वर ओली पोती. नगरपालिकेच्या पाण्याच्या खात्यातला, पहाटेच्या पाळीचा माणूस, पाण्याचं त्याला कळायचं: सात दिवस ओलं ठेव, सिमेंट पाणी पिऊनच घट्ट होते. सात दिवस तिने पाणी मारलं. सकाळ, दुपार, संध्याकाळ. आपल्या हाताने. सायकलीसाठी डोळे पुसत पुसत ती त्या पोत्यांवर पाणी मारत होती, आणि आत —

फाटक वाजलं. भाऊराव संत्र्याची पिशवी घेऊन आले. पिशवी ओट्यावर ठेवली, चप्पल काढली, आणि तिला तशी बसलेली पाहून जवळ आले.

"अजी, या कुंडीत काय टाकलं होतं तुम्ही?"

त्यांनी चष्मा सावरत वाकून पाहिलं. "गंज चढला का लोखंड फुगते, मंग सिमेंट फोडते. तवा समजत नव्हतं मले. आता जाळी टाकतो ना मी."

"माही सायकल हाये ते."

ते दचकतील असं तिला वाटलं होतं. निदान नाही म्हणतील. ते हळूच ओट्यावर टेकले, पिशवीतून घरंगळलेलं एक संत्रं परत आत ठेवलं.

"मांगच्या चाकाच्या तारा होत्या," ते म्हणाले. मग तिच्याकडे पाहत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते ओशाळलेपण नव्हतं, नवल होतं. "तुले माहीत नव्हतं?"

तिने मण्यावरचं बोट काढून घेतलं.

"मले वाटे तुले माहीत हाये," भाऊराव म्हणाले. "सात दिवस पाणी मारलं तू त्याले. एका शब्दानं विचारलं नाही कधी. मी समजलो, माफ केलं."

"ठाण्यात आले होते तुम्ही माह्यासंगं."

"आलो होतो."

माहीत होतं? साचा काढला त्या दिवशी काठाशी एक हिरवा ठिपका होता का? होता, आणि पान चिकटलं असेल म्हणून तिने तो अंगठ्याने पुसला होता... की हे ती आत्ता, या क्षणी रचते आहे? आणि पुसला असेल तर नंतर तिने बाहेरून राबडी कशाला फासली? ती तर सगळ्याच कुंड्यांना फासते. ही पहिली होती. पहिलीला का फासली? त्यानंतरची पंचवीस वर्षं ज्या माणसाच्या शेजारी ती झोपली तो ओट्यावर बसला होता. पण त्याच्यापेक्षा अनोळखी कुणीतरी इथे खाली बसलं होतं, गुडघे पोटाशी घेऊन.

"काऊन केलं?" तिने विचारलं.

भाऊरावांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. सत्तरीच्या उंबरठ्यावरचा माणूस, कधी हात उगारला नाही, कधी ताटावरून उठला नाही.

"तू गात येत जाय," ते म्हणाले. "तिगाववरून. गल्लीच्या मोडापासून आयकू ये मले. आन् दारात सायकल लावली का गाणं बंद होऊन जाय. रोज. घरात कधी नाही गायली तू."

मी? गात? तिला ऊन आठवलं, चेन उतरायची ते आठवलं, शिवणवर्गातल्या मुलींची बोटं, कात्रीची गार मूठ, तांदूळ पाखडल्यासारखा तो आवाज — सगळं आठवलं, पण त्यात कुठेही तिचा आवाज नव्हता. तिने तो कधी ऐकलाच नव्हता. तो फक्त या माणसाने ऐकला होता, दाराच्या आत उभं राहून, रोज चार वाजता.

आता राग यावा, म्हणून ती थांबली. तो यायलाच हवा होता. एवढ्या मोठ्या गोष्टीला तेवढा तरी हवा होता. पण ती ओट्याकडे सरकली, हातांचा सिमेंटचा भुगा तसाच, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे हावऱ्यासारखी बघू लागली.

"कोणतं?" तिने विचारलं. "कोणतं गाणं गाओ मी?"

भाऊरावांनी कपाळाला आठ्या घातल्या. ते आठवत होते.