बागबाजारच्या रायफलीचा अडकलेला घास

घाबरू नका मित्रांनो, मी रिकामी आहे. मी दत्तात्रयरावांची जुनी रायफल. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, काळी नळी आणि पाच काडतुसं मावतील एवढं मॅगझिन, म्हणजे माझं पोटच म्हणा. उभ्या जन्मात मी कुणाला मारलेलं नाही. कागदाला भोकं पाडण्यात मात्र माझा हात धरणारं कुणी नव्हतं.

दत्तात्रयरावांची कोलकात्याला, लष्कराच्या फोर्ट विल्यम किल्ल्यात बदली झाली, तेव्हा त्यांच्या बागबाजारच्या घरी मीही आले. दर रविवारी आम्ही रायफल क्लबात जायचो. ते गेले आणि रीतसर परवाना होऊन मी त्यांच्या लेकीकडे, वैदेहीकडे आले. ती बँकेत आहे. नेम थेट वडिलांचा. पण मला एक खोड लागली. पहिलं काडतूस सरळ नळीत जायचं, दुसरं नाक वर करून अडकायचं. घशात घास अडकावा तसं. गेल्या स्पर्धेत वैदेहीला मधूनच उठावं लागलं. कुणी हसलं नाही, तेच तिला जास्त लागलं.

पुण्याहून धाकट्या भावाचा, अजेयचा फोन आला. "ताई, म्हातारी झाली ती. दुकानात देऊन टाक."

"रविवारी स्पर्धा आहे. त्यात अडकली तर देते," वैदेही म्हणाली.

मी तिथेच पेटीत होते. म्हाताऱ्यांसमोर माणसं असंच बोलतात.

शनिवारी दुपारी तिने मला टेबलावर घेतलं. काडतुसं आधीच दुसऱ्या खोलीत कुलुपात ठेवली होती. माझं तोंड रिकाम्या भिंतीकडे. तिने मॅगझिन काढलं, काडतूस नळीत ढकलणारा बोल्ट मागे ओढला, बॅटरी मारून आत पाहिलं आणि वर करंगळीने चाचपलंही.

"अगं, रिकामी आहे म्हणतेस ना?" तिची आई प्रेमलताबाई वैतागल्या.

"डोळे फसतात, आई. बोट फसत नाही."

मग मॅगझिनची तळपट्टी सरकवली. स्प्रिंग उडू नये म्हणून अंगठ्याने दाबून धरली. एकेक भाग वर्तमानपत्रावर ओळीने मांडला, प्रत्येकाचा मोबाइलवर फोटो काढला. आणि माझ्या पोटातून काय निघालं? लालपिवळा चिकट लगदा, त्यात चार अक्षता!

दर खंडेनवमीला प्रेमलताबाई माझी पूजा करतात. मॅगझिन पाटावर, तोंड वर करून. हळद, कुंकू, अक्षता, वर तेलाचं बोट. दसरा झाला की दत्तात्रयराव सगळं पुसून काढायचे. ते गेल्यावर पुसायचं कुणाला सुचलंच नाही.

"म्हणजे मीच बिघडवली हिला," प्रेमलताबाई हळूच म्हणाल्या.

"बिघडवली नाहीस, जास्त भरवलंस. मलाही तसंच भरवतेस. बघ माझ्याकडे."

"तुझं पोट असं उघडून घासता येत नाही ना!" असं म्हणत त्यांनी दातांचा जुना ब्रश उचलला आणि कामाला लागल्या.

सगळं कोरडं करून, फोटो बघत वैदेहीने मला पुन्हा जोडलं. दारू नसलेली सरावाची काडतुसं भरून बोल्ट चालवला. एकामागून एक पाचही सरकली. लेकराने घास गिळल्यावर डोलावतात, तशी प्रेमलताबाई दर वेळी मान डोलावत होत्या.

पण खरी परीक्षा रविवारी. क्लबातले श्यामसुंदरबाबू मराठी माणसाला बर्गी म्हणून चिडवतात. बर्गी म्हणजे बंगालवर चालून आलेले जुने मराठे स्वार. "क्यों बर्गीदीदी, आज भी अटकेगी?"

"देख लीजिए, दादा."

पहिला बार झाला. वैदेहीने बोल्ट ओढला. बाकावर प्रेमलताबाईंनी डोळे मिटले. आणि दुसरं काडतूस, मित्रांनो, लोण्यासारखं सरकलं! तिसरं, चौथं, शेवटपर्यंत एकही अडकलं नाही. वैदेही तिच्या गटात पहिली आली. सगळ्यात मोठ्याने टाळ्या श्यामसुंदरबाबूंनी वाजवल्या.

"दुकानात जातेय," तिने अजेयला फोनवर सांगितलं. "हिला नवी पेटी आणायला."

मित्रांनो, बंदुकीला तुम्ही हात लावू नका, ते काम परवाना असलेल्या मोठ्या माणसांचं. पण घरात एखादं जुनं घड्याळ किंवा शिवणयंत्र अडून बसलं असेल, तर भंगारात देण्याआधी आत काय साचलंय ते कुणाला तरी बघू द्या. आणि पूजा जरूर करा, पण दुसऱ्या दिवशी पुसायलाही विसरू नका.

परतताना टॅक्सीत प्रेमलताबाईंनी मला पेटीसकट मांडीवर घेतलं. ड्रायव्हरने आरशातून विचारलं, "मासीमा, गिटार है क्या?"

"नहीं बेटा," त्या ऐटीत म्हणाल्या, "मेरी बडी लडकी है. जीतके आयी है."