आठवं पाणी

माझ्या थोरल्या दिरांना मी दादा म्हणते. म्हणायचं म्हणून म्हणते. मंगळवारी सगळ्या कामगारांसमोर त्यांनी माझ्या माथी खापर फोडलं, तेव्हापासून तो शब्दही तोंडाला कडू लागतो.

आमचा कारखाना गव्हाच्या काडाचा. काड कापून कॉस्टिक सोड्यात शिजवायचं, काळं पाणी काढून टाकायचं, उरलेला लगदा आठ पाण्यांनी धुवायचा. मग साच्यात दाबून त्याचे अंड्यांचे ट्रे करायचे. धुण्याचा हौद नऊ वर्षं माझ्याकडे. पण लगदा धुऊन झाला की नाही, हे ठरवणार दादा. चिमूटभर बोटांत चोळायचे. बुळबुळीत लागला तर सोडा आहे, खरखरीत लागला तर साच्यात.

पंधरा दिवसांपूर्वी ते चौथ्या पाण्यालाच म्हणाले, "जाऊ दे." सोडा उरला असेल तर निळा होणारा लिटमसचा लाल कागद मी बुडवून दाखवला. निळाशार. "कागदाचा कपटा मला शिकवणार?" म्हणत त्यांनी तो गटारात फेकला. ट्रे गेले. गिऱ्हाइकाकडच्या बायकांच्या तळव्यांची सालं निघाली, मंगळवारी माल परत आला. आणि हे महाशय सांगतात काय, तर म्हणे मीच कामचुकारपणा केला! सोमवारपासून मी हौद सोडायचा आणि गठ्ठे बांधायला बसायचं.

चोराच्या उलट्या बोंबा! डोक्यात अशी तिडीक गेली! नवरा म्हणाला, "जाऊ दे गं, मोठा आहे तो."

"वयानं," मी म्हटलं.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत दोन बादल्या त्यांच्यापुढे आदळल्या. एकीत आठ पाण्यांचा लगदा, दुसरीत दोनच पाण्यांचा. "ओळखा. चुकलात तर हौदावरून मी हलणार नाही."

"माझी परीक्षा घेतेस? तू या घरात आलीस त्याच्या आधीपासून मी..."

"बोटं चालवा, दादा. तोंड नको."

त्यांनी दोन्हींत हात घातला. चोळलं, पुन्हा चोळलं. मग दोन पाण्यांच्या बादलीकडे बोट केलं. "ही धुतलेली."

मी कागद बुडवला. निळा. वाटलं होतं, तोंडावर हसेन. पण नजर त्यांच्या बोटांवर गेली. सोड्यानं खाऊन टोकं गुळगुळीत झालेली, एक रेघ म्हणून शिल्लक नाही.

"कधीपासून कळत नाही?"

"झाली असतील दोन वर्षं."

"म्हणजे ठाऊक होतं! आणि खुशाल माझा बळी देत होतात?"

"हौदावरून उठलो, तर इथं मला कुत्रं तरी विचारेल का?"

"आणि मी उठले असते तर? मला कोण विचारणार होतं?"

त्यांचा हात तसाच सोड्यानं माखलेला. मनगट धरून मी त्यांना नळाखाली ओढलं. "सोमवारी सगळ्यांसमोर सांगायचं. माझं नाव घेतलंत ना, तसंच मोठ्यानं."

त्यांनी मान हलवली. पाणी हातावरून वाहत राहिलं. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "निघाला का गं सोडा?"

मी त्यांची बोटं चोळून पाहिली.

"नाही अजून," म्हटलं. "धरा तसाच."