मेणाचे स्क्रू

लॅबमधून आणलेले प्लास्टरचे फुटके जबडे तिने एकेक करून खोक्यात रचले, वर जुनं वर्तमानपत्र कोंबलं आणि चिकटपट्टी दातांनी तोडून खोकं बंद केलं. उचलून पाहिलं. चांगलं जड लागत होतं.

"एवढी मेहनत करून चोराला मिळणार काय, तर बत्तिशी!" पलंगावरून सासूबाई म्हणाल्या.

"हळू बोला. बाहेर ऐकू जाईल."

"मग मी गप्प पडते. तेवढं छान जमतं मला."

सुनेने दार उघडलं, खोकं पायरीवर ठेवलं आणि दार ओढून पडद्याआड उभी राहिली. त्यासाठी तिने अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. कवळ्या बनवायच्या लॅबमध्ये रजा मागणं म्हणजे मालकाचाच दात उपटण्यासारखं. पण महिन्याभरात दारातून तीन पार्सलं गेली होती. आधी मुलीचे शाळेचे बूट, मग पावसाळी कोट आणि गेल्या आठवड्यात सासूबाईंच्या गुडघ्याचा पट्टा, ज्यासाठी दोनदा माप घेऊन पाठवलं होतं.

नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. मागच्या फेरीला घरी आला तेव्हा त्याने दारावर कॅमेरा बसवला आणि निश्चिंत मनाने निघून गेला. कॅमेऱ्यात दिसली ती एक पिवळी टोपी आणि बाबागाडीचं एक चाक. चोर काही सापडला नाही, हिची झोप मात्र उडाली. कामावर दर दहा मिनिटांनी ती फोन काढून रिकामी पायरी बघायची. काल तिने एका कवळीत डावीकडची दाढ उजवीकडे बसवली, तेव्हा मालकाने चष्मा कपाळावर चढवून तिच्याकडे नुसतं पाहिलं होतं.

बूट-कोटाचं तिला एवढं नव्हतं. आज पायरीवरचं नेतात, उद्या आत येतील. आणि आत दिवसभर एकटं कोण, तर पलंगावरून दारापर्यंत यायला पाव तास लागणारी बाई.

साडेबाराच्या सुमाराला चाकाची करकर ऐकू आली. पिवळी टोपी घातलेली पन्नाशीची एक बाई बाबागाडी ढकलत रमतगमत येत होती. गाडीवर झालर, झालरीखाली दुपटं. नातवंडाला फिरवायला निघालेली आजीच जणू. पायरीपाशी येताच ती वाकली. एका हाताने दुपटं उचललं, दुसऱ्या हाताने खोकं.

सुनेने दार उघडून तिचं मनगट धरलं.

बाईने ना आरडाओरडा केला, ना हिसका दिला. गाडीत बाळ नव्हतं.

"लाज नाही वाटत?" सुनेचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "चालता न येणाऱ्या माणसाच्या गुडघ्याचा पट्टा नेलास तू!"

"आत काय असतं ते मला उचलताना कुठे कळतं, ताई?"

"पोलिसांना कळेल." सुनेने दुसऱ्या हाताने फोन काढला.

"बोलवा," गाडीवाली म्हणाली. "पण आधी मागची खिडकी बघून या. न्हाणीघराची."

सुनेचा अंगठा फोनवर तसाच राहिला.

"परवा दुपारी दोघं जण तिथे जाळीचे स्क्रू काढत होते. मागच्या बोळात. आत म्हातारी झोपलेली. ते परत येणार. अर्धवट काम टाकून कोण जातं?"

"तुला काय माहीत?"

"मी दिवसभर याच गल्ल्यांतून फिरते. बाबागाडी ढकलणाऱ्या बाईकडे कोण बघतंय?"

"आणि मला का सांगतेस?"

"मी पायरीवरचं उचलते, ताई. उंबऱ्याच्या आत कधी पाऊल टाकलं नाही." दाराच्या आत बघत ती म्हणाली, "तुमच्या घरात माणूस असतं."

"कोण आलंय गं?" आतून सासूबाईंनी विचारलं.

मनगट केव्हा सुटलं ते सुनेला कळलं नाही. ती घराला वळसा घालून मागच्या बोळात न्हाणीघराच्या खिडकीपाशी धावली. खिडकीची जाळी जागच्या जागी होती, चारही कोपऱ्यांत स्क्रूची चार डोकी. खालच्या एकाला तिने नख लावलं. नख आत रुतलं. आयुष्याची बारा वर्षं मेणात हात घालून काढलेल्या बाईला ते दुसऱ्यांदा तपासावं लागलं नाही. काढलेल्या स्क्रूच्या जागी मेणाची गोळी, वर करडा रंग. दुसराही तसाच. वरचे दोन खरे होते, पण ढिले. दोन बोटांनी ओढताच जाळी तिच्या अंगावर आली आणि समोर आपलंच न्हाणीघर उघडं पडलं, हात लांब केला तर आतल्या नळाला टेकेल इतकं जवळ.

ती परत आली तेव्हा पायरी रिकामी होती. बाई गेली होती, आणि जाता जाता खोकंही घेऊन गेली होती.

फोन केल्यावर वेल्डर तासाभरात आला. त्याने बोटाएवढे जाड गज बसवले. "आता हत्तीसुद्धा यायचा नाही," असं म्हणून तो गेला. सुनेने आजूबाजूच्या घरांतही जाऊन सांगितलं, तेव्हा आणखी एका खिडकीत मेण निघालं. मग पोलीस आला.

खुर्चीत बसून त्याने वही उघडली. "तुमच्या लक्षात कसं आलं?"

"मी लॅबमध्ये मेणाचंच काम करते. न्हाणीघराची जाळी बाहेरून पुसताना हात लागला."

त्याने मान डोलावली आणि फोन पुढे केला. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात टिपलेलं चित्र होतं. पिवळी टोपी, झालरीची बाबागाडी. या वेळी चेहराही दिसत होता.

"हिला कधी पाहिलंत? अशी बाई आधी टेहळणी करते. घरात कोण, किती वाजता, सगळं हेरते. मागून तिची माणसं येतात."

हे सुनेच्या डोक्यातच आलं नव्हतं. बोलायला गोड, हाताला मऊ, आणि जाताना खोकं उचलणारी बाई. तिचं ऐकून आपण मनगट सोडलं. पण खिडकीही तिनेच दाखवली होती.

"नाही," शेवटी ती म्हणाली. "लक्षात नाही."

पोलिसाने सासूबाईंकडे एकवार पाहिलं, वही मिटली आणि तो गेला.

सुनेने दार लावलं. कडी लावली, काढली, पुन्हा लावली. "मी चूक केली का हो?" ती दाराकडे तोंड करूनच म्हणाली. "ती त्यांच्यातलीच असली तर?"

"नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

सासूबाईंनी पांघरुणाची सुरकुती हाताने सारखी केली.

"परवा दुपारी मी जागी होते," त्या म्हणाल्या. "न्हाणीघरात खरखर चालली होती. पुरुषांची कुजबुज. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मग बाहेर एक बाई ओरडली, 'काय रे, काय चाललंय तिकडे?' आणि चपला पळाल्या. आज दारात बोलली तीच ती."

सून वळली. "मग मघाशी पोलिसांना सांगितलं का नाहीत?"

"मला कुणी विचारलं?"

"आणि मला? दोन दिवस झाले!"

"तुला सांगितलं असतं तर तू नोकरी सोडून माझ्यापाशी बसली असतीस."

सून पलंगाच्या कडेला टेकली. सासूबाईंच्या मुठीत पांघरुणाचा काठ घट्ट आवळलेला होता. तो सोडवायला तिने हात पुढे केला, पण मूठ उघडली नाही.

"उद्या वेळेवर कामाला जा," सासूबाई म्हणाल्या. "मी आहे घरात."