अकरा खुर्च्यांचा चमत्कार

चाकांच्या खुर्चीतली म्हातारी उठली, दोन पावलं डगमगली आणि मग सरळ चालत मंचाच्या टोकापर्यंत गेली, तेव्हा मंडपात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. दुसरी खुर्ची रिकामी झाल्यावर मात्र लोकांचा बांध फुटला. अकरावा म्हातारा उठेपर्यंत माणसं बाकांवर चढली होती, बाया ओक्साबोक्शी रडत होत्या आणि मिशनचे उपदेशक, ज्यांना सगळे मोठे बंधू म्हणत, घामाने निथळत माइकवर गरजत होते.

"आजी, पायांचा त्रास किती वर्षं?"

"दहा वर्षं झाली, बाबा."

"दहा वर्षं! ऐकलंत? दहा वर्षं! आणि आज?"

आज आजी चालत होती. ती कालही चालत होती का, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. चमत्कार चालू असताना प्रश्न विचारणारा माणूस मयताच्या घरी शीळ घालणाऱ्याइतकाच नकोसा असतो.

मंडपाच्या फाटकाशी उभ्या असलेल्या कंडक्टरचेही डोळे भरून आले होते. सव्वीस वर्षं शहरातल्या बसमध्ये तिकिटं फाडलेला हा माणूस दोन आठवड्यांची रजा काढून मिशनच्या तुकडीबरोबर या आडगावी आला होता. सकाळी डॉक्टरीणबाईंचा दवाखाना, मग शाळेचं छप्पर शाकारणं, दुपारी प्रार्थनासभा. देवासाठी चार दिवस राबावं, एवढीच त्याची इच्छा. मोठ्या बंधूंनी त्याला फाटक सांभाळायला दिलं होतं. चढण चढून दमलेले म्हातारेकोतारे आले की त्यांना प्रेमाने चाकांच्या खुर्चीत बसवायचं आणि पुढच्या रांगेत न्यायचं. ज्यांना उचलून आणलंय, ज्यांचे पाय खरोखरच गेलेत, त्यांना मागच्या तंबूत न्यायचं, कारण त्यांच्यासाठी म्हणे खास प्रार्थना होती. किती बारीक विचार करतो हा माणूस, असं कंडक्टरला वाटलं होतं.

पण कोण कुठल्या थांब्यावर चढलं हे विसरला तर तो कंडक्टर कसला! टाळ्यांच्या कडकडाटात त्याला आठवलं, की ही मंचावरची आजी अंडी विकते. भरलेली टोपली डोक्यावर घेऊन ती त्याच्यासमोर चढण चढून आली होती, तेही धाप न लागता. खुर्ची पुढे केली तेव्हा ती हसली होती. "मी काय पांगळी आहे का रे?" त्यानेच आग्रह केला होता, बसा हो आजी, तिकीट लागत नाही.

आत काही दुखत असेल तिचं, आपण कोण ठरवणारे, अशी त्याने मनाची समजूत घातली. दोन दिवस तो गप्प राहिला. ते दोन दिवस पुढे त्याच्या मानगुटीवर बसले ते कायमचेच.

तिसऱ्या दिवशी सकाळी खाणीत दगड फोडणारा एक माणूस आपल्या दहा वर्षांच्या मुलीला पाठीवर घेऊन दवाखान्यात आला. कंडक्टरने दोघांनाही ओळखलं. मुलीच्या पायांना तेव्हा लोखंडी पट्ट्यांचे कॅलिपर होते आणि त्यानेच तिला मागच्या तंबूत पाठवलं होतं. आता कॅलिपर नव्हते. उजवी मांडी भलत्याच ठिकाणी वाकली होती.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं तसं बापाने शांतपणे सांगितलं. सभेहून परतताना त्याने कॅलिपर काढून खाणीतल्या पाण्यात टाकले. ते घरात ठेवणं म्हणजे मनात शंका ठेवणं, असं त्याला वाटलं. दोन दिवस पोर भिंतीला धरून चालायला बघत होती. आज ती पायरीवरून पडली.

डॉक्टरीणबाई बापावर कडाडल्या. मुलगी मात्र रडत नव्हती. छताकडे बघत ती म्हणाली, "बाबांना रागवू नका. माझंच चुकलं. सगळ्यांना जमलं, मलाच जमलं नाही. प्रार्थनेत माझं लक्ष एकदा दुसरीकडे गेलं होतं."

बापाने मान खाली घातली. नाही गं, असं तो म्हणाला नाही. त्यालाही तेच वाटत होतं.

कंडक्टर तडक मोठ्या बंधूंच्या खोलीवर गेला. बंधू आरशासमोर भांग पाडत होते.

"ती आजी चालत आली होती," कंडक्टर म्हणाला.

"ती चालत नव्हती असं मी कुठं म्हटलं? मी वर्षं विचारली, तिनं सांगितली. उठा म्हटलं, उठली. यात खोटं काय आहे?"

"आणि ती मुलगी?"

"पट्ट्या काढायला मी सांगितलं नव्हतं." बंधूंनी कंगवा खिशात ठेवला आणि अगदी मायेने त्याच्या खांद्यावर हात टाकला. "आणि खुर्च्यांत तर तुम्हीच बसवलंत ना सगळ्यांना?"

कंडक्टर शाळेच्या ओट्यावर येऊन बसला. दुपारपर्यंत त्याला ते अकरा चेहरे दिसत राहिले. खुर्चीत टेकताना प्रत्येकाने त्याचे आभार मानले होते. आपण माणुसकी केली असं समजून त्याने फसवणुकीचा अर्धा भाग स्वतःच्या हाताने केला होता, आणि ते हात आता त्याला मांडीवर ठेवावेसे वाटेनात.

दुपारच्या सभेत त्याने फाटकावर कुणालाही खुर्ची दिली नाही. बंधू मंचावर यायच्या आत एक रिकामी खुर्ची ढकलत तो स्वतःच वर गेला आणि परवा उठलेल्यांना त्याने पुढे बोलावलं. ते ऐटीत आले.

"आजी, परवा चढण कशी चढलात?"

"पायांनी," अंडीवाली म्हणाली. "दुसरं काय आहे माझ्याकडे?" लोक हसले.

"मग खुर्चीत कशा बसलात?"

"तूच बसवलंस की! मग ते उठा म्हणाले, मी उठले. एवढ्या माणसांत नाही कसं म्हणायचं?"

उरलेल्या दहा जणांनीही तेच सांगितलं. कुणाचे गुडघे दुखत, कुणाची कंबर धरे, पण सगळे चालत आले होते. लोकांचं हसू हळूहळू मावळलं. मग कंडक्टरने मागच्या तंबूचं सांगितलं. ज्यांना उठता येत नव्हतं त्यांना मंचाजवळ येऊच दिलं नव्हतं, आणि तिथे पाठवणारा आपणच होतो, हेही त्याने सांगितलं. शेवटी त्याने दगड फोडणाऱ्याच्या मुलीचं सांगितलं.

"विश्वासावर घाला घालतोस?" मागून कुणीतरी ओरडलं.

"मी उद्याही प्रार्थना करणार आहे," तो म्हणाला. "पण देवाने डोळे मिटण्यासाठी दिले तसे उघडण्यासाठीही दिलेत. कुणी पांगळा चालवून दाखवला तर टाळी वाजवण्याआधी एवढंच विचारा, हा इथपर्यंत आला कसा? आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी, काठी, कॅलिपर, काही म्हणजे काही टाकू नका."

मोठ्या बंधूंची जीप त्याच संध्याकाळी गाव सोडून गेली. अर्ध्या गावाने कंडक्टरशी बोलणं टाकलं. इतकं छान चाललं होतं, याला काय गरज होती, असा त्यांचा सूर होता.

मोठ्या इस्पितळाची गाडी सकाळी यायची होती. तोवर मांडीला फळ्या बांधून मुलीला दवाखान्यातच ठेवलं होतं. उशाशी बाप बसला होता. कंडक्टरने स्टूल ओढलं आणि काहीही न गाळता तिला सगळं सांगितलं.

"म्हणजे देव मला 'नाही' म्हणाला नाही?"

"देवापर्यंत गोष्ट गेलीच नव्हती, पोरी. कोण उठणार ते फाटकावरच ठरलं होतं. तुझं काहीही चुकलं नाही."

बापाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो हमसून हमसून रडू लागला. मुलीने त्याच्या केसांतून हात फिरवला.

"तुम्ही मला पुढे बसवायला हवं होतं," ती कंडक्टरला म्हणाली. "मी उठले नसते. मग सगळ्यांना तेव्हाच कळलं असतं."