स्तामेनची दोननळी

मित्रांनो, नेवेनाच्या घरात जिन्याखाली एक लोखंडी कपाट आहे. त्यात नळ्या वर करून उभी असते ती मी, एक जुनी दोननळी बंदूक. माझे वय पासष्टच्या पुढे गेले आहे. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा आहे आणि दस्त्याच्या मानेवर पितळी तारेचे सात वेढे आहेत. तो दागिना नव्हे, माझे मोडलेले हाड तिथे जोडले आहे.

बल्गेरियातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून मी स्त्रांजाच्या डोंगरात वल्कोकडे आले. वल्को जंगलात लाकडाचा कोळसा पाडायचा. त्याच्या बोटांची काजळी पहिल्याच दिवशी माझ्या लाकडात मुरली. एकदा त्याचे खेचर ओढ्यात घसरले आणि खेचराच्या पाठीखाली सापडून माझी मान तडकली. लोहाराने तार गुंडाळली. "आता ही तुझ्यापेक्षा जास्त टिकेल," असे लोहार म्हणाला आणि ते खरे झाले.

वल्कोनंतर मी त्याच्या मुलाकडे, स्तामेनकडे आले. स्तामेन घाईने चाप ओढणारा नव्हता. रानडुक्कर झुडपातून पूर्ण बाहेर आल्याशिवाय त्याने मला कधी बोलू दिले नाही. शिकारीच्या टोळीत त्याच्या नेमाला मान होता. मधली चार वर्षे तो बांधकामावर ग्रीसला गेला आणि मी कपाटात राहिले. डाव्या नळीत गंज धरला. परत आला तेव्हा त्याने आधी मला उघडून उजेडाकडे धरले. बराच वेळ आत पाहत राहिला. मग आठ दिवस रोज संध्याकाळी तेल आणि चिंधी घेऊन बसला. गंजाचे दोन डाग गेले नाहीत. ते अजून आहेत.

आता मूळ गोष्ट सांगते.

स्तामेन शहात्तर वर्षांचा झाला आणि माझी नळी त्याच्या हातात भटकू लागली. पूर्वी तो मला खांद्याला लावी तेव्हा मी थेट जनावराकडे पाहत असे. आता मी आधी झाडाकडे, मग आभाळाकडे, मग कुठेतरी मधेच पाहू लागले. हाताचा कंप मला कळत होता, पण त्याहून मोठी गोष्ट डोळ्यांची होती. त्या वर्षी परवाना नवा करायला तो डॉक्टरांकडे गेला आणि उड्या मारत परत आला.

"खालची ओळ सुद्धा वाचली!" त्याने मुलीला सांगितले.

त्याची मुलगी म्हणजे नेवेना. ती गावच्या पोस्टात काम करते. शिकारीची परीक्षा ती आदल्याच वर्षी पास झाली होती, पण बंदूक नसल्यामुळे कुत्र्यांबरोबर हाकारे घालायला जायची. त्या संध्याकाळी बाप मला पुसता पुसता काहीतरी पुटपुटत होता. ती दारात थांबली. तो अक्षरे म्हणत होता, ओळीमागून ओळ. दवाखान्याच्या रांगेत पुढच्या माणसांचे वाचन ऐकून त्याने अख्खा तक्ता पाठ केला होता.

"बाबा, तुम्हाला दिसत नाही," ती म्हणाली.

"मला दिसतं."

"मग सांगा, खिडकीवर काय बसलंय?"

"मांजर."

"तो माझा स्वेटर आहे, बाबा."

स्तामेनने मला खाडकन मिटले. "चोपन्न वर्षं झाली मला या जंगलात. तू काल आलीस. मला शिकवू नकोस."

नेवेना टोळीचा प्रमुख कोल्यो याच्याकडे गेली. कोल्योने डोके खाजवले. "अगं, मला त्यानेच शिकवलंय. मी कोणत्या तोंडाने सांगू? हा एक हंगाम जाऊ दे," तो म्हणाला. पुढच्या शनिवारीच हाकारा होता.

काडतुसे घरीच भरायची आमच्याकडे रीत होती. हात कापू लागल्यापासून हे काम स्तामेन नेवेनाकडून करून घेई. शुक्रवारी स्वयंपाकघराच्या टेबलावर तिने आधी उडवलेल्या काडतुसांची रिकामी नळकांडी घेतली. त्यांच्या बुडाला घोडा पडल्याचा खळगा होता, म्हणजे ती पुन्हा पेटणार नव्हती. दारूच्या जागी तिने डब्यातला रवा घातला, वर शिशाची गोळी बसवली आणि तोंड वळवून बंद केले. अशी सगळी काडतुसे भरली.

मित्रांनो, मला सगळे ठाऊक होते. पण मला तोंड आहे ते एकाच कामाचे.

शनिवारी धुके होते. कोल्योने नावे घेतली, चिठ्ठ्या टाकून जागा वाटल्या. सगळे एकमेकांना "नास्लुका!" म्हणाले. आमच्याकडे शिकाऱ्याला असेच शुभ चिंततात. स्तामेनला ओढ्याच्या वरची बीचच्या झाडांजवळची जागा आली. त्याने काडतुसे माझ्यात सरकवली. सवयीप्रमाणे बुडावरून अंगठा फिरवला, पण थंडीने बधिर झालेल्या अंगठ्याला खळगा कळला नाही. नेवेना हाकाऱ्यांबरोबर न जाता मागच्या ओकाआड थांबली. तिच्या हातात फक्त कुऱ्हाड होती.

खाली कुत्री भुंकू लागली. थोड्या वेळाने समोरच्या झुडपात पाने वाजली. काहीतरी काळपट, बुटके, मान खाली घालून पुढे सरकत होते. स्तामेनने मला खांद्याला लावले.

मला दिसत होते. तो कोट होता.

नेवेना ओरडायच्या आतच त्याने चाप ओढला. खट. लगेच दुसरा ओढला. खट.

झुडपातून दिम्का उभी राहिली. ती गावातली विधवा बाई, अळंब्या गोळा करत होती. कोल्योने वाटेवर लावलेली शिकारीच्या इशाऱ्याची पाटी तिने पाहिली नव्हती. "कोण आहे रे तिकडे?" तिने विचारले आणि टोपली सावरत निघून गेली.

स्तामेन तिथेच खाली बसला. त्याने मला उघडले, काडतूस बाहेर काढून डोळ्यांजवळ नेले. मग सुरीने ते कापले. तळहातावर रवा पडला.

नेवेना समोर येऊन उभी राहिली.

"हे तू केलंस?"

"हो."

"आणि डुक्कर अंगावर आलं असतं तर? रवा टाकला असता त्याच्यावर?"

"म्हणून मी मागे उभी होते."

"कुऱ्हाड घेऊन?"

"दुसरं काही नव्हतं माझ्याकडे, बाबा."

मला वाटले, आता तो मला तिच्यावर फेकून मारणार. पण त्याचा चेहरा वाकडा झाला आणि तो रडू लागला. "दिम्का होती गं," तो म्हणाला. "दिम्का होती."

दुपारी शेकोटीजवळ टोळी जमली. डुक्कर कोणालाच मिळाले नव्हते. "काय स्तामेनकाका, आज तुमची म्हातारी मुकी झाली वाटतं?" कोणीतरी चेष्टा केली. स्तामेन उठला आणि त्याने घडलेले सगळे सांगितले. पाठ केलेला तक्ता, रवा, दिम्का, काहीच लपवले नाही. कोणी हसले नाही. कोल्यो खाली मान घालून काटकी मोडत राहिला.

"कागदपत्रं होतील तेव्हा होतील," स्तामेन म्हणाला, "पण माझ्या हातात ही पुन्हा देऊ नका. ही आता नेवेनाची."

मग तो एकटाच दिम्काच्या घरी गेला. मी तिथे नव्हते, पण तो घरी येऊन जे बोलला ते कपाटात ऐकू आले. दिम्काने आधी त्याला टोपलीने बडवले. मग ती खुर्चीत बसली. मग म्हणाली, "बसा आता. राकिया घ्या थोडी, घरची दारू आहे. मला एकटीला उतरायची नाही."

नेवेनाच्या परवान्याला पाच महिने लागले. पुढच्या हंगामात ती मला घेऊन जागेवर उभी राहिली. शेजारी लाकडाच्या ओंडक्यावर स्तामेन बसला होता. हातात काठी, अंगात नारिंगी जाकीट. त्याचे कान अजून तिखट आहेत.

"डावीकडे," तो कुजबुजला. "जड पाऊल आहे."

तिने मला वळवले. तिच्या खांद्यावर मी हलत नव्हते. झुडूप हलले. एक काळी पाठ दिसली, मग पुन्हा पाने. बोट चापावर नव्हते, चापाच्या बाहेर सरळ होते.

"दिसलं?"

"अर्धंच."

"मग थांब."

ती थांबली. पाने हलत हलत दूर गेली आणि उतारावर शांत झाली. पलीकडच्या जागेवरून कोणीतरी ओरडले, "अगं, नाकासमोरून गेलं की तुझ्या! झोप लागली का?" नेवेनाचे गाल लाल झाले. तिने मला उघडले आणि दोन्ही काडतुसे बाहेर काढली.

स्तामेन काठी टेकत उठला आणि त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"नेम चांगला होता," तो म्हणाला.

मित्रांनो, माझे मागणे फार नाही. मला कोरडे ठेवा, तेल द्या, कुलपात ठेवा. हातात घ्याल तेव्हा प्रत्येक वेळी आधी उघडून आत बघा, काल बघितले असले तरी. आणि एखाद्या दिवशी तुमच्या हातात मी भटकू लागले, तर कोणी काढून घ्यायची वाट पाहू नका. हात आपला आहे तोवर आपल्या हाताने मला पुढच्याला द्या.